पाचोळ्यातली विकरे

पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट, म्हणजे 'पेट' या संक्षिप्त नावाने आज सर्वत्र ओळखला जाणारा पदार्थ, जन्माला आला तो बाटलीसाठी नव्हे, तर कापडासाठी. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३० च्या सुमारास आम्ल आणि अल्कोहोल यांचे रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंफून पॉलिएस्टर या वर्गातील पदार्थ तयार केले होते. परंतु ते फार कमी तापमानाला वितळत आणि इस्त्री किंवा गरम पाणी त्यांना सोसत नसे, म्हणून कॅरोदर्स यांनी ती वाट सोडली व त्यांचे लक्ष नायलॉनकडे वळले. इंग्लंडमध्ये कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन रेक्स व्हिन्फील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी हीच सोडून दिलेली वाट पुन्हा धरली. साखळीत टेरेप्थॅलिक आम्लातील सहा कार्बन अणूंचे ताठ वलय बसवले, तर धागा उष्णतेत टिकेल, हा त्यांचा तर्क १९४१ साली खरा ठरला. युद्धानंतर हा धागा ब्रिटनमध्ये टेरिलीन आणि अमेरिकेत डेक्रॉन या नावांनी बाजारात आला, आणि सुताबरोबर विणलेल्या टेरिकॉटच्या रूपाने महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या अंगावर चढला. बाटलीचा अवतार त्यानंतर बराच उशिरा, १९७३ साली, ड्यू पाँमधीलच नॅथानिएल वायथ यांनी घेतलेल्या पेटंटने सुरू झाला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या पदार्थाचे जागतिक उत्पादन इतके वाढले की २०१३ या एकाच वर्षात सुमारे ५ कोटी ६० लाख टन पेट तयार झाले.

व्हिन्फील्ड आणि डिक्सन यांनी साधलेला गुण आणि पुढे जगाच्या डोक्यावर बसलेला दोष या दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. पेट हे बहुवारिक आहे, म्हणजे एकाच प्रकारचा लहान घटक शेकडो वेळा जोडून झालेली लांब साखळी आहे. त्यात टेरेप्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल हे दोन घटक आळीपाळीने येतात आणि त्यांना जोडणाऱ्या सांध्याला एस्टर बंध म्हणतात. हा सांधा जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उलट योग्य परिस्थितीत पाण्याचा रेणू परत आत शिरला की सांधा तुटतो आणि या क्रियेला जलअपघटन असे नाव आहे. निसर्गाला हा बंध मुळीच परका नाही, कारण तेले, तूप, प्राण्यांची चरबी हे सारे एस्टरच आहेत आणि माणसाचे पोट रोज ते फोडते. अडचण बंधात नाही, ती रचनेत आहे. पेटमधील ताठ वलये एकमेकांवर इतकी नेटकी बसतात की साखळ्यांचा बराचसा भाग स्फटिकासारखा घट्ट बांधला जातो आणि आत शिरायला फट उरत नाही. पाण्याच्या बाटलीत हे स्फटिकी प्रमाण साधारणतः ३० टक्क्यांच्या घरात असते. म्हणूनच अशी वलये असलेल्या पॉलिएस्टरवर सूक्ष्मजीवांचे काही चालत नाही, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वसाधारणपणे मानले जात असे.

या समजुतीला पहिला तडा गेला तो प्लास्टिकच्या कचऱ्याशी काहीही संबंध नसलेल्या संशोधनातून. केरळमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ पी. ई. कोलाट्टुकुडी १९७० च्या दशकात वनस्पतींच्या पानांवरील मेणचट आवरणाचा अभ्यास करीत होते. पानावर पडलेला पावसाचा थेंब ज्या आवरणावरून घरंगळतो, त्याचा सांगाडा क्युटिन नावाच्या पदार्थाचा असतो, आणि क्युटिन हे वनस्पतीने स्वतः विणलेले पॉलिएस्टरच असते. वाटाण्याच्या रोपाला मारणारी फ्युझेरियम ही बुरशी हे चिलखत भेदून आत कशी शिरते, असा कोलाट्टुकुडी यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली त्या बुरशीपासून क्युटिनेज हे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे केले. विकर म्हणजे सजीवाने घडवलेले असे प्रथिन, जे स्वतः खर्ची न पडता एखादी ठरावीक रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणते. पुढे दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, जपानमधील युताका तोकिवा आणि तोमोओ सुझुकी यांनी चरबी फोडणारी लायपेज ही विकरे वलय नसलेली, मऊ, मानवनिर्मित पॉलिएस्टरेही फोडू शकतात, हे दाखवून दिले. एकीकडे पानाचे पॉलिएस्टर फोडणारे विकर हाती आले होते, दुसरीकडे कारखान्यातील पॉलिएस्टर विकरापुढे हरते हे सिद्ध झाले होते. तरी या दोन टोकांची गाठ पेटवर बसायला आणखी जवळजवळ तीन दशके जावी लागली, आणि त्याचे कारण त्या काळात हा कचरा कोणाला तातडीचा प्रश्न वाटत नव्हता, हेच असावे.

गाठ बसली ती जर्मनीत. ब्राउनश्वाइग येथील जैवतंत्रज्ञान संशोधन संस्थेत रॉल्फ-योआखिम म्युलर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात कंपोस्टमध्ये कुजणारी प्लास्टिके तयार करण्याच्या प्रयत्नात होते, आणि त्यासाठी मऊ पॉलिएस्टरच्या साखळीत मुद्दाम काही वलये मिसळून पाहत होते. अशा मिश्र पदार्थाला कोणता सूक्ष्मजीव खातो, हे शोधताना त्यांना कंपोस्ट खतात थर्मोबिफिडा फुस्का हा उष्णताप्रेमी जीवाणू सापडला. कंपोस्टचा ढीग कुजताना आतून चांगलाच तापतो, हे गावाकडच्या उकिरड्यात हात घालणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. त्या उबेत वाढणाऱ्या जीवाणूची विकरेही साहजिकच उष्णता सोसणारी असतात. म्युलर यांच्या गटाने २००५ साली या जीवाणूचे विकर थेट पेटवर लावून पाहिले आणि ५५ अंश सेल्सियसला तीन आठवड्यांत नमुन्याचे निम्म्यापर्यंत वजन घटल्याचे प्रसिद्ध केले. हा निबंध वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला नाही. या साऱ्या कथेतील खरा उंबरठा मात्र तोच होता, कारण पेट अभेद्य नाही, हे तेथे प्रथम निःसंशय दिसले आणि उष्णता हीच त्याची किल्ली आहे, हेही तेथेच सूचित झाले.

यानंतरचे दोन्ही महत्त्वाचे शोध जपानमधील ओसाका परिसरातले आहेत, आणि त्यांची पद्धत इतकी भिन्न आहे की त्यांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पहिला शोध ओसाका विद्यापीठातील शिगेनोरी कानाया यांच्या गटाचा. १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एक्स्पो उद्यानात झाडांची पाने आणि छाटलेल्या फांद्या कुजवून खत केले जात असे. त्या खतातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या खटपटीत न पडता या गटाने खतातूनच सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र वेगळा केला, त्याचे तुकडे प्रयोगशाळेतील नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूत घातले आणि कोणत्या तुकड्यामुळे त्या जीवाणूला एस्टर फोडण्याची क्षमता येते, ते तपासले. मातीतील बहुसंख्य जीवाणू काचेच्या बशीत वाढतच नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या पद्धतीचे मोल कळते. जीव हाती लागला नाही तरी त्याचे हत्यार हाती लागते. अशा रीतीने मिळालेल्या क्युटिनेजचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एलसीसी' म्हणतात. ते पेट फोडते आणि भरपूर उष्णतेतही टिकते, असे त्यात नोंदवले होते. पण पुढची सात-आठ वर्षे अभ्यासकांच्या लहान वर्तुळाबाहेर त्याची फारशी वाच्यता झाली नाही.

दुसरा शोध जुन्या पठडीतला, चिकाटीचा होता. क्योतो तंत्रविज्ञान संस्थेतील कोहेई ओदा यांच्या गटाने साकाई शहरातील पेट बाटल्यांच्या पुनर्चक्रण कारखान्याच्या आवारातून पेटच्या चुऱ्याने माखलेली माती, तळगाळ, सांडपाणी आणि सांडपाणी शुद्ध करताना साचणारा जीवाणूंनी भरलेला गाळ असे २५० नमुने गोळा केले. प्रत्येक नमुना पोषक द्रवात टाकून त्यात पेटच्या पातळ पटलाचा तुकडा सोडायचा आणि वाट पाहायची, एवढीच ती रीत होती. त्यांपैकी तळगाळाच्या एका नमुन्यात पटलावर सूक्ष्मजीवांचा थर साचू लागला आणि त्याचे रूप पालटू लागले. या थराला '४६ क्रमांक' असे नाव मिळाले. त्यात जीवाणू होते, यीस्टसारख्या पेशी होत्या, आदिजीवही होते, आणि यांतला नेमका कोण काम करतो आणि कोण नुसता सोबत आहे, हे उघड नव्हते. पुन्हा पुन्हा विरळ करीत गेल्यावर अखेर एकच जीवाणू वेगळा काढता आला. त्याला शहराच्या नावावरून इडिओनेला साकाइएन्सिस असे नाव देण्यात आले. या जीवाणूने ३० अंश सेल्सियसला, म्हणजे खोलीच्या साध्या तापमानाला, सहा आठवड्यांत पेटचे पटल जवळजवळ पूर्णपणे फस्त केले.

शोसुके योशिदा हे प्रथम लेखक असलेला, ओदा आणि केइओ विद्यापीठातील केनजी मियामोतो यांच्या नेतृत्वाखालील हा निबंध ११ मार्च २०१६ च्या 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्यातील मुख्य नवलाई जीवाणूच्या दुहेरी व्यवस्थेत होती. हा जीवाणू 'पेटेज' नावाचे विकर पेशीबाहेर सोडतो. ते साखळीचे तुकडे पाडते आणि या तुकड्यांत मुख्यतः टेरेप्थॅलिक आम्लाला ग्लायकॉलचा एक रेणू चिकटलेला असतो, ज्याला 'एमहेट' म्हणतात. मग 'एमहेटेज' हे दुसरे विकर त्या जोडीची ताटातूट करते, आणि सुट्या झालेल्या घटकांवर जीवाणू आपले पोट भरतो. आधीची सर्व विकरे पेटला धक्का देत होती खरी, पण पेट हेच आपले अन्न मानून त्यावर वाढणारा जीव अशा तपशिलाने प्रथमच समोर आला होता. ३० अंशांवर पेटेजची क्रियाशीलता म्युलर यांच्या विकरापेक्षा १२० पट, तर एलसीसीपेक्षा साडेपाच पट भरली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रयोगातील पटलाचे स्फटिकी प्रमाण केवळ १.९ टक्के होते, म्हणजे ते बाटलीच्या मानाने अगदीच विसविशीत होते. वेगाचे मापही एका चौरस सेंटिमीटरवरून दिवसाला ०.१३ मिलिग्रॅम इतकेच होते. निबंधाच्या लेखकांनी ही माहिती लपवली नव्हती, आणि त्याच वर्षी काही शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकातून स्फटिकी प्रमाणाच्या या मुद्द्यावर बोट ठेवले. तरीही प्लास्टिक खाणारा जीवाणू समुद्र साफ करणार, अशा बातम्या कित्येक देशांत पसरल्या. मूळ संशोधनात असा कोणताही दावा नव्हता, आणि लोकांच्या मनात जी भाबडी आशा रुजली तिचे उत्तरदायित्व प्रयोगशाळेवर टाकणे न्याय्य होणार नाही.

पेटेज आले कोठून, हा प्रश्न मात्र सर्वांना पडला होता, कारण १९४१ पूर्वी पृथ्वीवर पेट नव्हतेच. पोर्ट्समथ विद्यापीठातील जॉन मॅक्गीहन आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील ग्रेग बेकम यांच्या गटांनी ऑक्सफर्डशायरमधील डायमंड या प्रखर क्ष-किरण स्रोताच्या साहाय्याने पेटेजची रचना ०.९२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने, म्हणजे एकेक अणू वेगळा ओळखू यावा इतकी स्पष्ट, टिपली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध केली. ती रचना पाहिल्यावर त्यात पानाचे आवरण फोडणाऱ्या क्युटिनेजचा घाट उघड दिसत होता. विकराच्या पृष्ठभागावर एक खाच असते. तिच्यात सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट ही तीन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, एकमेकांशी संधान बांधून बसलेली असतात. पेटची साखळी खाचेत टेकली की सेरीन एस्टर बंधावर हल्ला करतो, साखळीचे एक टोक क्षणभर स्वतःला जोडून घेतो, आणि मग पाण्याचा रेणू येऊन ते टोक सोडवतो. क्युटिनेजमध्येही हे त्रिकूट असेच असते. फरक एवढाच की पेटेजची खाच थोडी रुंद असते. रुंदीमुळेच पेट तिच्यात बसते, असे संशोधकांचे अनुमान होते. ते पडताळण्यासाठी त्यांनी दोन अमिनो आम्ले बदलून खाच मुद्दाम पुन्हा क्युटिनेजसारखी अरुंद केली. विकर मंदावेल, ही अपेक्षा होती; झाले उलटेच, आणि बदललेले विकर पेटवर आधीपेक्षा चांगले काम करू लागले. ही सुधारणा आकाराने मोठी नव्हती, पण तिचा अर्थ मोठा होता: निसर्गाने घडवलेले पेटेज हे पेटसाठी अजून पुरते घासूनपुसून तयार झालेले हत्यार नाही, त्यात माणसाला हात घालायला पुष्कळ वाव आहे.

तथापि कारखान्याच्या दृष्टीने पेटेजमध्ये एक मूलभूत उणीव होती. पेटच्या साखळ्या थंड असताना एखाद्या गोठलेल्या जाळ्यासारख्या जागच्या जागी अडकलेल्या असतात. सुमारे ७० अंशांच्या आसपास त्या सैल होऊन हालचाल करू लागतात आणि तेव्हाच विकराला त्यांत शिरकाव मिळतो. पेटेज मात्र ५० अंशांच्या आतच उलगडून निकामी होते. फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधक आणि क्लेरमाँ-फेराँची कार्बियोस ही कंपनी यांनी त्यामुळे प्रसिद्धीच्या झोतातले पेटेज बाजूला ठेवले आणि निरनिराळ्या विकरांची तुलना करून एक्स्पो उद्यानातल्या पाचोळ्याचे एलसीसी उचलले. आलँ मार्ती यांच्या मार्गदर्शनाखालील या गटाने दोनशेहून अधिक बदललेल्या आवृत्त्या तपासल्या. कॅल्शियमचा अणू जेथे विकराला आधार देत होता, तेथे त्यांनी गंधकाच्या दोन अणूंचा टाका घातला, म्हणजे कॅल्शियम नसले तरी विकर उष्णतेत टिकावे. आणि खाचेतील काही अमिनो आम्ले बदलून पेटवरची पकड सुधारली. या टाक्यामुळे व बदलांमुळे विकराची उष्णता सोसण्याची मर्यादा नऊ-दहा अंशांनी वाढली. एप्रिल २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, आधी वितळवून चटकन थंड केलेल्या व बारीक दळलेल्या बाटल्यांच्या कचऱ्यापैकी ९० टक्के भागाचे घटक १० तासांत सुटे झाले, आणि त्या घटकांपासून पुन्हा नव्या बाटल्या तयार झाल्या.

त्या प्रयोगाचे तापमान ७२ अंश होते, आणि हा आकडा सहज निवडलेला नव्हता. उष्णता वाढवली की साखळ्या सैल होतात हे खरे, पण त्याच उष्णतेत त्या नव्याने नेटक्या रांगा धरून स्फटिक बनू लागतात, आणि एकदा स्फटिक बनला की विकराचा दरवाजा बंद होतो. ७५ अंशांवर स्फटिक बनण्याचा वेग इतका वाढतो की काम अर्धवट राहते. म्हणजे ही विकर आणि स्फटिक यांच्यातील शर्यत आहे, आणि ७२ अंश हा त्यातला विकराच्या बाजूचा क्षण आहे. साखरेचा पाक करणाऱ्या हलवायाला अचूक तार जशी साधावी लागते, तसेच हे आहे.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली आणि तिचा विस्ताराने परामर्श घेण्याचे येथे कारण नाही. २०२२ साली टेक्सास विद्यापीठातील हॅल अल्पर यांच्या गटाने यंत्रशिक्षणाच्या, म्हणजे संगणकाला असंख्य प्रथिनांच्या रचना दाखवून त्याच्याकडून बदल सुचवून घेण्याच्या, पद्धतीने पेटेजची टिकाऊ आवृत्ती तयार केली. ५० अंशांवर तिने खाद्यपदार्थांच्या डब्यांसारख्या ५१ निरनिराळ्या वस्तूंमधील पेट आठवडाभरात फोडून दाखवले. त्याच सुमारास लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी तेथील दक्षिण दफनभूमीतल्या पाल्यापाचोळ्याच्या खतातून आणखी एक चपळ विकर मिळवले, आणि पाचोळ्याचे माहात्म्य पुन्हा एकदा सिद्ध झाले. उद्योगाची वाट मात्र खडतर राहिली. विकराने सुटे केलेले टेरेप्थॅलिक आम्ल द्रावण आंबट करते, ते सतत अल्काने शमवावे लागते आणि त्यातून मोठ्या प्रमाणात सोडियम सल्फेट उरते. कचरा आधी वितळवून दळण्यासाठी ऊर्जा लागते ती वेगळीच. फ्रान्समधील लोंगलाव्हिल येथे उभारला जाणारा पहिला मोठा कारखाना निधीची तजवीज होईपर्यंत लांबणीवर टाकत असल्याचे कार्बियोसने २०२४ च्या अखेरीस जाहीर केले.

या साऱ्या इतिहासाची कक्षा पॉलिएस्टरपुरती आहे, हे येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१८ साली ज्या पिशव्यांवर बंदी आली, त्या पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यांच्या साखळीत एस्टर बंध नसतो. कार्बनला कार्बन जोडलेला असतो आणि पाण्याला शिरायला सांधाच मिळत नाही. स्पेनमधील फेदेरिका बेर्तोकिनी यांनी मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण खाणाऱ्या अळ्या पॉलिएथिलीन फोडतात असे २०१७ साली मांडले आणि २०२२ साली अळ्यांच्या लाळेतील दोन विकरांना त्याचे श्रेय दिले; पहिल्या दाव्यातील मोजमापावर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लगेच आक्षेप घेतला, आणि दुसऱ्यातील परिणाम २०२४ मध्ये नॉर्वेतील संशोधकांना पुन्हा मिळवता आला नाही. पिशवीच्या बाबतीत ओसाका किंवा तुलूझ अजून घडलेले नाही.

साकाईच्या जीवाणूचा नमुना जपानच्या सूक्ष्मजीव संग्रहात जपून ठेवलेला आहे. एक्स्पो उद्यानातील विकराचे तसे नाही. त्याची रचना अणुरेणूंपर्यंत ठाऊक आहे आणि तुलूझच्या निबंधाने त्याला जगभर पोहोचवले. पण ते ज्या जीवाने घडवले तो कोणीही वाढवलेला किंवा पाहिलेला नाही, आणि प्रथिनांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्याच्या मूळ धन्याच्या रकान्यात 'अज्ञात जीव' एवढीच नोंद आहे.